जुनी वॉलेट फाइल उघडली आणि बॅलन्स शून्य: पैसे गेले का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ मध्ये इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर दोन यूएसबी ब्लॉक इरप्टर (बिटकॉइनचं मायनिंग करणारी, म्हणजे नवे ब्लॉक शोधून बक्षीस मिळवणारी छोटी यंत्रं) चालवले. पूलकडून (एकत्र मायनिंग करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटाकडून) ०.०१ बिटकॉइनचे वीसएक हप्ते एकाच पत्त्यावर आले. मग परीक्षा, नोकरी, सगळं मागे पडलं. आता घर आवरताना जुना लॅपटॉप सापडला आणि त्यात वॉलेट डॉट डॅट ही बिटकॉइन वॉलेटची फाइल निघाली. बिटकॉइन कोअर या मूळ वॉलेट प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने ती उघडायला नकार दिला. जुनी आवृत्ती टाकून उघडली तर बॅलन्स शून्य. पैसे गेले का? आणि आता घरी छोटा बिटअ‍ॅक्स (मायनिंगचं घरगुती यंत्र) घेऊन पुन्हा मायनिंग करावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा गेलेले नाहीत. गेली चौदा-पंधरा वर्षं मी हा छंद करतोय, आणि "शून्य दिसतंय" म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक वॉलेटांमध्ये पैसे जागच्या जागी होते. नुकसान झालं ते नंतरच्या घाईत. म्हणून आज रात्री एवढंच करा: लॅपटॉप बंद करा आणि त्यावर काहीही नवीन टाकू नका. डिस्क टक-टक आवाज करत असेल तर पुन्हा चालूही करू नका. ती बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) घ्या.

डिस्क ठीक असेल तर वॉलेट डॉट डॅट एकटी उचलू नका, बिटकॉइनचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. विंडोजमध्ये ते अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये लपलेलं असतं. त्यात 'डेटाबेस' नावाचं एक छोटं फोल्डर दिसेल. जुनी वॉलेट फाइल बर्कली डीबी या डेटाबेसची असते, आणि प्रोग्राम नीट बंद झाला नसेल तर शेवटच्या काही नोंदी मुख्य फाइलमध्ये न जाता या फोल्डरातल्या लॉगमध्ये अडकून राहतात. होस्टेलवर वीज जायची ना? मग हे फोल्डर सोडू नका. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती ठेवा, तिसऱ्या प्रतीवर काम करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

आता शून्य का दिसतंय ते बघू. वॉलेट फाइलमध्ये नाणी नसतात, चाव्या असतात. कोणत्या पत्त्यावर किती शिल्लक आहे, हे ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, लिहिलेलं असतं. तुम्ही प्रोग्राम उघडला तेव्हा त्याच्याकडे एकतर चेन नव्हती किंवा २००९ पासूनचे ब्लॉक तो नुकते कुठे उतरवायला लागला होता. तुमचे हप्ते २०१३ च्या ब्लॉकमध्ये आहेत. तिथपर्यंत पोचल्याशिवाय तो ते मोजणार नाही. पूर्ण चेन आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर हे कधी पूर्ण होणारच नाही. पण व्यवहारांच्या यादीत जुन्या नोंदी फिक्या रंगात दिसतात का, ते पाहा. दिसत असतील तर फाइल तीच आहे.

यासाठी चेन उतरवायचीही गरज नाही. शिल्लक बघायला चावी लागत नाही, पत्ता पुरतो. प्रोग्राम ऑफलाइन उघडा, रिसिव्हिंग अ‍ॅड्रेसेसची यादी काढा, १ ने सुरू होणारा तुमचा पूलवाला पत्ता कागदावर घ्या आणि मोबाइलवर मेमपूल डॉट स्पेससारख्या एक्सप्लोररमध्ये (ब्लॉकचेन बघायच्या वेबसाइटवर) टाका. वॉलेटला पासवर्ड लावलेला असला तरी पत्ते दिसतात. पाच मिनिटांत कळेल की वीस हप्ते तिथेच आहेत की कधी हलले.

हलले असतील, आणि आपण तर थोडेच पाठवले होते असं आठवत असेल, तर पुढचं नीट वाचा. हे माझ्या बाबतीत घडलंय.

२०१२ च्या सुरुवातीला मी पुण्यात रेडिऑन ५८५० ग्राफिक्स कार्डवर मायनिंग करायचो. वेग सेकंदाला सुमारे ३०० मेगाहॅश (हॅश म्हणजे ब्लॉक शोधायचा एक प्रयत्न, मेगा म्हणजे दहा लाख), तेही फक्त रात्री, कारण दिवसा उकाडा असह्य व्हायचा. तेव्हा बक्षीस ब्लॉकला ५० बिटकॉइन होतं आणि रात्रीच्या मायनिंगचे मला दिवसाला ०.१ च्या आसपास मिळत. पूलमध्येच साठवून दोन महिन्यांनी मी एकदम सहा काढून घेतले. वॉलेटची प्रत सीडीवर घेऊन ती कपाटात ठेवली आणि निश्चिंत झालो. पुढच्या आठवड्यात वॉलेटला पासवर्ड लावला. पडद्यावर सूचना आली की आधीच्या बॅकअप फाइली आता निरुपयोगी होतील, नवीन बॅकअप घ्या. मी ओके दाबलं. मग एका मित्राला एक बिटकॉइन पाठवला. दीड महिन्याने हार्ड डिस्क गेली.

सीडीवरून वॉलेट परत आणलं तर शिल्लक शून्य. सहाच्या सहा गेलेले, आणि मित्राला मिळालेला मात्र एकच. उरलेले पाच कुठे गेले ते समजायला मला दोन रात्री लागल्या. बिटकॉइनमध्ये आलेली रक्कम नोटेसारखी अखंड वापरली जाते. माझ्याकडे सहाची एकच नोट होती. एक मित्राला गेला आणि पाचाची मोड वॉलेटने स्वतःच काढलेल्या एका नव्या पत्त्यावर परत घेतली. तेव्हाची वॉलेटं शंभर चाव्या आधीच बनवून ठेवायची आणि मोडीसाठी त्यातली एकेक वापरायची. पासवर्ड लावला की ती शंभरची जुनी चळत बाजूला टाकून नवीन बनायची. माझी मोड नव्या चळतीतल्या चावीवर गेली, आणि सीडीवर जुनी चळत होती. पत्ता मला आजही दिसतो. पाच बिटकॉइन तिथेच आहेत, हललेले नाहीत, हलणारही नाहीत.

तुमच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर देतोय ते या पाचांमुळे. तुम्हाला लॅपटॉपमध्ये फाइल सापडली म्हणून तुम्ही खूश आहात. पण त्या काळात तुम्ही कुणाला पैसे पाठवले असतील, तर सर्वात *शेवटची* फाइल कोणती ते शोधा. पेनड्राइव्ह, जुना ईमेल, भावाच्या कॉम्प्युटरवरची कॉपी, जे सापडेल ते जमवा, तारखा बघा आणि प्रत्येक फाइल वेगळ्या नावाने ठेवा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ०.१३ आवृत्तीपासून नव्या वॉलेटच्या सगळ्या चाव्या एकाच बीजातून निघू लागल्या आणि ही भानगड बरीच कमी झाली. तुमची फाइल त्याच्या आधीची आहे.

हप्ते जागेवर आहेत असं धरून पुढे जाऊ. नव्या कोअरने फाइल नाकारली यात फाइलचा दोष नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीपासून बर्कली डीबीची वॉलेटं थेट उघडत नाहीत, ती आधी मायग्रेट करावी, म्हणजे नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागतात. फाइल मेनूत त्यासाठी पर्याय आहे. रिकामी १ टीबीची एसएसडी असेल तर हाच रस्ता सरळ: प्रत मायग्रेट करा, चेन पूर्ण होऊ द्या, शिल्लक आपोआप दिसेल. जागा वाचवायला प्रूनिंग चालू करायचा मोह होईल. प्रून केलेला नोड (चेनची प्रत ठेवणारा प्रोग्राम) जुने ब्लॉक पुसत जातो, त्यामुळे त्यात वॉलेट *नंतर* टाकलं तर मागचं शोधायला ब्लॉकच उरलेले नसतात आणि अख्खी चेन पुन्हा उतरवावी लागते. प्रूनिंग करायचंच असेल तर वॉलेट पहिल्या दिवसापासून आत असू द्या.

तुमच्यासाठी मला दुसरा रस्ता जास्त पसंत आहे, कारण तुमचे सगळे हप्ते एकाच पत्त्यावर आहेत. एका पत्त्याला एक चावी. एक हार्डवेअर वॉलेट (चाव्या आत ठेवणारं छोटं यंत्र) घ्या, ते सुरू करून त्याचा नवीन पत्ता तयार ठेवा. इंटरनेट तोडलेल्या मशीनवर जुन्या आवृत्तीत तुमची प्रत उघडा, पासवर्ड देऊन अनलॉक करा आणि कन्सोलमधून त्या एका पत्त्याची खासगी चावी काढा. ती के किंवा एल ने सुरू होणारी ५२ अक्षरांची ओळ असेल (फार जुन्या वॉलेटांत ५ ने सुरू होणारी, ५१ अक्षरांची). मग इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेट प्रोग्राममध्ये 'स्वीप' वापरून ती रक्कम थेट हार्डवेअर वॉलेटच्या पत्त्यावर हलवा. 'इम्पोर्ट' निवडू नका. त्यात जुनीच चावी वापरात राहते, आणि जी चावी पडद्यावर एकदा दिसली ती माझ्या लेखी उघडी पडली.

इलेक्ट्रम फक्त अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि सही तपासूनच चालवा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये काही दुष्ट सर्व्हर इलेक्ट्रमच्या खिडकीतच "नवीन आवृत्ती घ्या" असा संदेश दाखवून बनावट लिंक द्यायचे, आणि अनेकांची वॉलेटं त्यात रिकामी झाली. संदेश प्रोग्रामच्या आत दिसला म्हणून लोकांनी विश्वास ठेवला होता.

फीचंही बघून ठेवा. वीस हप्ते म्हणजे वीस नाणी, आणि जुन्या प्रकारच्या पत्त्यावरचं प्रत्येक नाणं व्यवहारात सुमारे १४८ बाइट जागा खातं. म्हणजे तुमचा व्यवहार ३,००० बाइटच्या आसपास जाईल. बाइटला २ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) दर असेल तर ६,००० सातोशी लागतील, ५० असेल तर दीड लाख, म्हणजे ०.००१५ बिटकॉइन. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाल्व्हिंगच्या (मायनिंगचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी दर असे चढले होते की छोटे हप्ते हलवणंच परवडत नव्हतं. तुम्ही बारा वर्षं थांबलात, आणखी दोन दिवस थांबा, दर पाहून पाठवा. कमी फीमुळे व्यवहार अडकला तर घाबरू नका. काहीच केलं नाही तरी बहुतेक नोड दोन आठवड्यांनी तो यादीतून काढून टाकतात आणि नाणी मूळ जागीच राहतात.

पासवर्ड आठवत नसेल तर ते वेगळं काम आहे. बीटीसीरिकव्हर नावाचा खुला प्रोग्राम तुमच्या अंदाजांच्या यादीवरून लाखो जोड्या करून बघतो. अंदाज मात्र तुमचेच हवेत: त्या वर्षी कोणते पासवर्ड वापरत होता, शेवटी कोणता आकडा लावायचा, कीबोर्ड मराठीवर राहून गेला होता का. "आम्ही काढून देतो, फाइल पाठवा" असे निरोप तुम्हाला नक्की येतील. एकालाही उत्तर देऊ नका.

इथे एक अनुभव सांगायलाच हवा, कारण तुम्हीही आता हार्डवेअर वॉलेटचे शब्द (ज्यांतून सगळ्या चाव्या परत मिळतात) लिहून ठेवणार आहात. सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. फोन बिघडला होता, बारा शब्द डायरीत सुरक्षित होते, पण कोणतंही वॉलेट ते स्वीकारत नव्हतं. डायरी उघडली तर सरांनी बाराही इंग्रजी शब्द सुंदर वळणदार देवनागरीत लिहिले होते. दहा शब्द सरळ होते. तिसरा होता 'राईट' आणि नववा 'वेट'. २,०४८ शब्दांच्या त्या ठरलेल्या यादीत उजवीकडचा राईटही आहे आणि लिहिण्याचाही. थांबण्याचा वेटही आहे आणि ओला या अर्थाचाही. सर आधी एकाच स्पेलिंगला धरून बसले होते. दोन शब्दांच्या दोन-दोन शक्यता, म्हणजे एकूण चारच जोड्या. शेवटच्या शब्दात तपासणीचे काही बिट लपलेले असतात, त्यामुळे चुकीची जोडी सोळातल्या पंधरा वेळा तिथेच नाकारली जाते. तिसऱ्या जोडीला वॉलेट उघडलं.

आणि शिल्लक शून्य! सरांचा चेहरा उतरला. पण ही गाठ मला ओळखीची होती. एकाच बारा शब्दांतून वेगवेगळी वॉलेटं वेगवेगळ्या मार्गाने पत्ते काढतात: १ ने सुरू होणारे ४४ च्या मार्गावर, ३ ने सुरू होणारे ४९ च्या, बीसी१क्यू ने सुरू होणारे ८४ च्या. सरांच्या जुन्या पावतीवरचा पत्ता ३ ने सुरू होत होता आणि वॉलेट ८४ च्या रस्त्यावर शोधत होतं. मार्ग बदलला आणि रक्कम समोर आली. सरांनी तिथेच बसून बाराही शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पुन्हा लिहून काढले, खाली मार्गाचा आकडा आणि वॉलेटचं नाव लिहिलं. तुम्हीही तसंच लिहा. इलेक्ट्रमचे स्वतःचे शब्द वेगळ्या पद्धतीचे असतात आणि दुसऱ्या वॉलेटात बहुधा चालत नाहीत, म्हणून नाव हवंच.

आता बिटअ‍ॅक्स. कमाईसाठी घेत असाल तर घेऊ नका. हिशोब सोपा आहे. सगळ्या जगाच्या मायनिंगचा वेग २०२५ मध्ये सेकंदाला १,००० एक्झाहॅशच्या घरात पोचला. बिटअ‍ॅक्सचा गॅमा हा प्रकार साधारण १.२ टेराहॅश देतो (दहा लाख टेराहॅश म्हणजे एक एक्झाहॅश). १ टेराहॅश धरला तर प्रत्येक ब्लॉकला तुमची संधी शंभर कोटींत एक. वर्षाला सुमारे ५२,५६० ब्लॉक निघतात, म्हणजे एक ब्लॉक सापडायला सरासरी एकोणीस हजार वर्षं. बक्षीस आता ३.१२५ बिटकॉइन आहे. तुमचा ब्लॉक इरप्टर ३३३ मेगाहॅशचा होता. एका गॅमाच्या बरोबरीला तसे ३,६०० लागतील. तुमचे दोन आता शोकेसमध्ये ठेवा.

शिकण्यासाठी घेत असाल तर मी मनापासून हो म्हणेन. १५ ते १८ वॉट खातो, महिन्याला अकरा ते तेरा युनिट. आवाज टेबल फॅनपेक्षा कमी. जुना एस९ (मोठं व्यावसायिक मायनिंग यंत्र) घरात लावू नका. तो १३०० वॉटच्या वर जातो, महिन्याला हजारएक युनिट होतात, आणि आवाजामुळे शेजारी दार वाजवतात.

गॅमाला ५ व्होल्टचाच अ‍ॅडाप्टर लावा. राउटरचा १२ व्होल्टचा पिन कधीकधी नेमका बसतो आणि बोर्ड क्षणात जळतो. माझा पहिला बोर्ड रोज संध्याकाळी आपोआप रीस्टार्ट व्हायचा. मी फर्मवेअर दोनदा बदललं, पूल बदलला, वायफायला दोष दिला. शेवटी यंत्राच्या पानावरचा इनपुट व्होल्टेजचा आकडा बघत बसलो. दुपारी तो ५.० होता, आणि संध्याकाळी इमारतीतले एसी लागले की ४.६ पर्यंत घसरायचा. अ‍ॅडाप्टरवर ६ अँपिअर छापलेलं होतं, पण भार आला की तो टिकत नव्हता. चांगला अ‍ॅडाप्टर लावला त्या दिवसापासून तो बंद पडलेला नाही. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या. पूलमध्ये युजरनेम म्हणून तुमचा बिटकॉइन पत्ता जातो. तो पेस्ट केल्यावर पहिली आणि शेवटची सहा अक्षरं मूळ पत्त्याशी ताडून बघा, कारण क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. आणि कधी खरंच ब्लॉक लागला, तर नवं बक्षीस १०० ब्लॉक होईपर्यंत खर्च करता येत नाही. 'इमॅच्युअर' लिहिलेलं दिसलं की बिघाड समजून काही दाबत बसू नका.

कराचं विसरू नका. भारतात २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, तोटा कशातही वळता होत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही असं सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. विकण्याआधी सीएला भेटा आणि पूलच्या हप्त्यांच्या तारखा एक्सप्लोररवरून छापून न्या.

पत्ता तपासल्यावर काय दिसलं ते कळवा. अडकलात तर हे लिहा: कोअरची आवृत्ती, फाइलचा आकार आणि तारीख, पासवर्ड लावलेला होता का, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, आणि डीबग लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी. फाइल, चावी आणि शब्द मात्र मलाही पाठवू नका.